आमचा खांब कुठंय?

(सामुदायिक रेडिओवरील 'गटाच्या गोष्टी' कार्यक्रमातलं भाषण)

मागच्या वेळी आपण गटाचा हिशेब वहीतून संगणकाच्या तक्त्यात कसा न्यायचा ते बोललो. तेव्हापासून ग्रामसंघाच्या बैठकीला गेले, की लिपिकेचं काम करणाऱ्या मुली एकच गोष्ट विचारतात. "ताई, ते उभे खांब असतात ना, खोक्यासारखे, सावलीसकट, ते कसे काढायचे?" त्यांना हवा असतो थ्रीडी कॉलम चार्ट. शाळेत आपण ज्याला स्तंभालेख म्हणायचो तोच, फक्त त्याला लांबी-उंचीबरोबर खोलीही दिलेली. आज तो कसा काढायचा ते सांगते. तो माऊसनं एकेक बटण दाबूनही निघतो, पण आपण तो पायथॉनकडून काढून घेणार आहोत. आणि तो कधी काढू नये, हेही सांगणार आहे. माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं आहे.

आधी हे सांगते की खांबांचं एवढं काय. ग्रामसंघाच्या बैठकीत निधी कुणाला आधी द्यायचा, बँकेकडं कोणत्या गटाची फाइल पुढं पाठवायची, हे ठरतं. तिथं सगळ्या जणी वही वाचू शकत नाहीत. काही जणींना अक्षरं येतात पण आकड्यांच्या रांगा नको वाटतात. भिंतीवर आलेख लावला की मात्र सगळ्यांच्या माना एकदम वर होतात. कुणाचा खांब उंच, कुणाचा बुटका, हे सांगायला शिक्षण लागत नाही. म्हणजे आलेख काढणारीच्या हातात बरंच काही असतं. तिनं खांब कसे उभे केले त्यावर बैठकीचा कल ठरतो.

ही खांबांची युक्ती तशी जुनी आहे. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसानं १७८६ साली आपल्या पुस्तकात स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा असा आलेख छापला. त्याच्याकडं स्कॉटलंडचे एकाच वर्षाचे आकडे होते, त्यामुळं वर्षावर्षाची चढती-उतरती रेघ त्याला काढता येईना. मग त्यानं प्रत्येक देशासाठी पट्ट्या काढल्या. अडचणीतून निघालेली वाट आहे ही. त्याच्या पट्ट्या सपाट होत्या बरं का. खोली आपल्याला संगणकानं दिली.

आता पायथॉन. ही संगणकाला काम सांगायची भाषा आहे. गुइदो व्हान रॉसम या डच माणसानं ती १९९१ मध्ये लोकांपुढं आणली. नावाचा अजगराशी संबंध नाही, एका विनोदी कार्यक्रमावरून ते ठेवलंय. भाषा फुकट आहे. मी स्वतः इतिहासात बी.ए. केलंय, संगणक म्हणाल तर एमएस-सीआयटीपुरता, तरी मला ही जमते. कारण तिच्यात ओळी थोड्या लागतात आणि त्या आपण देतो तशा सूचनांसारख्याच वाचता येतात.

मग एक्सेलमध्ये माऊसनं होतं ते सोडून हिच्या मागं का लागायचं? एका गटाचा आलेख असेल तर नकाच लागू. माऊसनं पाच मिनिटांत होतो. पण लिपिकेकडं पंधरा-वीस गट असतात, आणि दर महिन्याला तोच आलेख नव्या आकड्यांनी काढायचा असतो. तेव्हा माऊसनं काम करता करता संध्याकाळ होते आणि घरी भाकरी थापायच्या राहतात. पायथॉनमध्ये सूचना एकदा लिहिली की दर महिन्याला तीच चालते.

यासाठी पायथॉनला एक जोड लागते, तिचं नाव ओपनपायएक्सएल. संगणकावर पायथॉन टाकल्यावर काळ्या खिडकीत 'पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सएल' एवढं लिहायचं. हे एकदाच, आणि तेवढ्यापुरतं इंटरनेट लागतं. ही जोड एक्सेलची फाइल लिहिते. त्यासाठी संगणकात एक्सेल असायलाच हवं असंही नाही. झालेली फाइल फुकटच्या लिब्रेऑफिसमध्येही उघडते. एक्सलएसएक्सरायटर नावाची दुसरी जोडही बऱ्याच जणी वापरतात, ती छान आहे, पण तिच्यात थ्रीडी आलेखाची सोय नाही. म्हणून आपल्याला ओपनपायएक्सएलच लागणार.

तिच्यातून निघालेला आलेख म्हणजे नुसतं चिकटवलेलं चित्र नसतं, हे मला सगळ्यात आवडतं. तो तक्त्यातल्या आकड्यांशी बांधलेला खराखुरा आलेख असतो. बैठकीत कुणी म्हणालं, "आमचे जुलैचे शंभर राहिले धरायचे," तर तिथल्या तिथं आकडा बदलायचा, खांब सगळ्यांसमोर वर सरकतो.

उदाहरण घेऊ. समजा तीन गट आहेत, आपण त्यांना तुळस, जाई आणि अबोली म्हणू. तुळशीत १२ बायका, प्रत्येकी महिना २०० रुपये. जाईत ११ जणी, प्रत्येकी १००. अबोलीत १० जणी, सगळ्या मजुरीवर जाणाऱ्या, प्रत्येकी ५०. जूनमध्ये तुळशीचे २,४०० जमा झाले, जुलैतही २,४००, ऑगस्टमध्ये २,२००. जाईचे १,१००, मग ९००, मग १,०००. अबोलीचे तिन्ही महिने ५००.

हे तक्त्यात असं मांडायचं. पहिल्या ओळीत पहिली चौकट मोकळी, मग तीन गटांची नावं. खालच्या तीन ओळींत आधी महिन्याचं नाव, मग तीन आकडे. म्हणजे चार ओळी, चार रकाने. पायथॉनमध्ये आधी कोरी वही मागायची, तिला 'वर्कबुक' म्हणतात. तिच्यातलं समोरचं पान घ्यायचं, आणि 'अपेंड' म्हणून एकेक ओळ त्या पानावर चढवायची. मराठी नावं, मराठी महिने जसेच्या तसे लिहिले तरी चालतात. सूचना मात्र इंग्रजी अक्षरांतच.

पुढची पायरी म्हणजे आलेखासाठी जमिनीच्या हद्दी सांगणं. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक, तसं इथं 'रेफरन्स' नावाची गोष्ट असते. तिला सांगायचं, आकडे दुसऱ्या रकान्यापासून चौथ्यापर्यंत आणि पहिल्या ओळीपासून चौथीपर्यंत आहेत. पहिली ओळ मुद्दाम घ्यायची, कारण तिच्यात गटांची नावं आहेत. त्यासाठी पुढं 'टायटल्स फ्रॉम डेटा' हे खरं आहे असं सांगावं लागतं. दुसरा रेफरन्स महिन्यांचा. त्यात पहिला रकाना, दुसऱ्या ओळीपासून चौथीपर्यंत. इथं नावांची ओळ घेतली तर मोकळी चौकटसुद्धा महिना म्हणून मोजली जाते, आणि जूनचं नाव जुलैच्या खांबाखाली जातं. मुलींची सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. एक गोष्ट लक्षात ठेवा. पायथॉन एरवी शून्यापासून मोजतो, पण ओपनपायएक्सएलमध्ये ओळी आणि रकाने एकपासूनच मोजायचे, आपल्यासारखे.

मग 'बारचार्टथ्रीडी' मागवायचा. त्यात बी, सी आणि डी ही अक्षरं मोठी, बाकीची लहान, तीनचा आकडा इंग्रजी, मध्ये जागा नाही. पायथॉनला लहानमोठी अक्षरं वेगळी वाटतात, तो 'चालतंय की' म्हणत नाही. त्याला आकड्यांचा रेफरन्स 'ॲड डेटा'नं द्यायचा, महिन्यांचा 'सेट कॅटेगरीज'नं. शीर्षक द्यायचं. मग पानावर कुठं बसवायचा ते सांगायचं, उदाहरणार्थ एफ रकान्याच्या दुसऱ्या ओळीत. शेवटी सेव्ह. मोजून वीसेक ओळी होतात.

हे करून फाइल उघडली आणि खांब दिसले पण खाली महिन्यांची नावंच नाहीत, बाजूला रुपयेही नाहीत, तर घाबरू नका. ओपनपायएक्सएलच्या ३.१ पासूनच्या आवृत्तीत हे होतं. दोन्ही अक्षांना 'डिलीट' हे खोटं आहे असं सांगणाऱ्या दोन ओळी घातल्या की ते परत येतात. एक्स ॲक्सिस डॉट डिलीट बरोबर फॉल्स, आणि वाय ॲक्सिसचंही तसंच. फॉल्सचा एफ मोठा.

दुसरी अडचण खास आपली, मराठीत हिशेब ठेवणाऱ्यांची. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून कुणी ५०० हा आकडा देवनागरीत टाकला, तर एक्सेल त्याला बहुतेक वेळा आकडा मानतच नाही, अक्षर मानतं. चौकटीत पाचशे दिसतात आणि खांब मात्र शून्याचा. पैसे भरलेत, पावती आहे, तक्त्यात आहेत, आणि भिंतीवर मात्र नाहीत! इथं पायथॉन कामाला येतो. त्याला 'इंट' म्हणून देवनागरी आकडा दिला तर तो बरोबर ओळखतो आणि संगणकाच्या आकड्यात बदलून देतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. मात्र हजारानंतरचा स्वल्पविराम त्याला चालत नाही, तो आधी 'रिप्लेस'नं काढून टाकायचा. म्हणजे ज्या ताईंना इंग्रजी आकडे लिहायची सवय नाही त्यांनी आपल्या आकड्यांतच हिशेब पाठवावा, बदलायचं काम यंत्र करेल.

आता या आलेखाच्या दोषांकडं येते.

थ्रीडी खांब दोन तऱ्हांनी उभे करता येतात. एक म्हणजे शेजारी शेजारी, याला 'क्लस्टर्ड' म्हणतात. ओपनपायएक्सएल न सांगता तसंच करतं. दुसरी तऱ्हा 'स्टँडर्ड'. त्यात गट एकामागं एक खोलीत उभे राहतात. दिसायला ही दुसरी तऱ्हा फार देखणी असते, शहरातल्या इमारतींसारखी. म्हणून प्रशिक्षणात, अहवालात, मोठमोठ्या फलकांवर तीच दिसते.

एका ग्रामसंघाच्या वार्षिक बैठकीत असाच आलेख पडद्यावर लावलेला मी पाहिला. बाहेरून कुणी तरी करून दिला होता. पुढं मोठ्या बचतीचा गट, त्याच्यामागं मधला, त्याच्यामागं सगळ्यात लहान. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एक वयस्कर सदस्य उठल्या आणि म्हणाल्या, "आमचा खांब कुठंय?" माईकवाल्यानं सांगितलं, "आजी, तो मागं आहे, पुढच्या खांबामुळं दिसत नाही." आजी म्हणाल्या, "मागं हाय आन् दिसत न्हाई, म्हंजी न्हाईच की." आणि त्या खाली बसल्या. त्यांच्या गटानं वर्षात एक बैठक चुकवलेली नव्हती. पुढं निधीची चर्चा झाली तेव्हा त्या गटाचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. आलेखच कारण होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण डोळ्यांसमोर नसलेलं माणूस बोलताना आठवत नाही, हे आपल्याला माहीत आहे.

आपल्या उदाहरणात बघा. तुळस पहिल्या रकान्यात, म्हणून ती सगळ्यात पुढं उभी राहते. २,४०० च्या खांबामागं ५०० चा खांब कसा दिसणार? फोटो काढताना आपण बुटक्या बायकांना पुढं घेतो, तसं अबोलीचा रकाना आधी लिहिला तर ती पुढं येते आणि तिघी दिसतात. ही युक्ती इथं चालते कारण तिन्ही महिने क्रम तोच आहे. पण एका महिन्यात जाई वर, दुसऱ्यात अबोली वर, असं झालं की कुणी ना कुणी झाकलं जाणारच. म्हणून मी आमच्या लिपिकांना स्पष्ट सांगितलंय, गटांची तुलना असेल तर 'स्टँडर्ड' वापरायचं नाही. शेजारी शेजारीच उभं करायचं. आणि भिंतीवर लावण्याआधी आलेख सगळ्यात कमी बचतीच्या गटाच्या अध्यक्षताईंना दाखवायचा. त्यांना आपल्या खांबावर बोट ठेवता आलं तरच प्रिंट काढायची.

शेजारी उभे केले तरी एक फसवणूक उरते. मागच्या भिंतीवर ५००, १,०००, १,५०० अशा रेघा असतात आणि खांब भिंतीपासून थोडा पुढं उभा असतो. त्यामुळं ५०० चा खांब ५०० च्या रेघेला टेकलेला दिसत नाही, थोडा खालीच वाटतो. जमिनीवर उभं राहून झाडाच्या शेंड्यामागचा डोंगर मोजण्यासारखं आहे ते. यावर 'गॅप डेप्थ' शून्य केली तर खांबाची मागची कड भिंतीला टेकते आणि फरक कमी होतो. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक खांबावर आकडाच छापायचा. 'डेटालेबललिस्ट' मागवून तिच्यात 'शो व्हॅल' खरं करायचं. म्हणजे डोळा फसला तरी आकडा समोर आहे. खांबांना गोल किंवा सुळक्याचा आकार देता येतो, तो मात्र नका देऊ. सुळका वर निमुळता होतो आणि बिचाऱ्या रकमेचा वरचा भाग नाहीसा झाल्यासारखा दिसतो.

आणि इतकं करूनही मला वाटतं, खांबात काय भरलंय हे बघायला हवं. रुपये भरले तर तुळस कायम उंच आणि अबोली कायम बुटकी. पण २०० रुपये देणारी बाई आणि ५० देणारी बाई यांच्यात नियमित कोण, हे रुपयांचा खांब सांगत नाही. आपली पंचसूत्री काय म्हणते? नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. पाचही ठिकाणी शब्द 'नियमित' आहे, 'मोठी' नाही. म्हणून ठरलेल्या बचतीपैकी किती जमा झाली याची टक्केवारी काढा आणि तिचे खांब उभे करा. तुळस ऑगस्टमध्ये ९२ च्या आसपास येते, जाई जुलैत ८२ वर आणि ऑगस्टमध्ये ९१ वर, आणि अबोली तिन्ही महिने शंभर. तोच तक्ता, तीच वीस ओळींची सूचना, फक्त जमा रकमेला ठरलेल्या रकमेनं भागून शंभरनं गुणलं. मजुरीवर जाणाऱ्या दहा जणींचा खांब सगळ्यात उंच होतो, आणि तो खोटा नाही. दोन्ही आलेख शेजारी लावा, रुपयांचाही आणि टक्क्यांचाही. अक्ष मात्र शून्यापासूनच सुरू करायचा, तेही सूचनेत लिहिता येतं. नाही तर ८० पासून सुरू केलेला आलेख दहा टक्क्यांच्या फरकाला डोंगर करतो.

एक गोष्ट मी ठामपणे सांगते. भिंतीवर गटाचा आलेख लावा, बाईचा नाही. अंतर्गत कर्जाची कुणाची किती परतफेड राहिली याचा नावानिशी आलेख काढणं पायथॉनला दोन मिनिटांचं काम आहे. पण बैठक मंदिराच्या ओवरीत किंवा शाळेच्या वर्गात असते, दारात दीर उभा असतो, सासूबाई तिथंच बसलेल्या असतात. एखादीचा हप्ता आजारपणामुळं राहिला, आणि तिचा बुटका खांब सगळ्या गावानं पाहिला, तर ती पुढच्या बैठकीला येईल का? तिचा हिशेब तिला वहीत दाखवा, बाजूला बसवून. आणि मोबाईलवरून इंटरनेटवरचं गूगल कोलॅब वापरून पायथॉन चालवत असाल, तर तिथं फाइल चढवण्याआधी सदस्यांची नावं, फोन नंबर, आधारचे आकडे काढून टाका. आलेखाला त्यातलं काहीच लागत नाही.

थ्रीडी काढूच नये का, असं आमच्याकडच्या एका लिपिकेनं मला विचारलं. मी तिला सांगितलं, काढ ना. वार्षिक बैठकीचं मुखपृष्ठ असेल, एकाच गटाची बारा महिन्यांची बचत असेल, तर छान दिसतं आणि कुणी झाकलंही जात नाही. आपल्या बायकांनी केलेलं काम देखणं दिसावं असं वाटण्यात वाईट काय? निधी ठरवायचा असेल त्या दिवशी मात्र सपाट आलेख. त्यासाठी सूचना नव्यानं लिहावी लागत नाही. 'बारचार्टथ्रीडी' या नावातलं 'थ्रीडी' जिथं जिथं असेल तिथं खोडलं, की त्याच आकड्यांचा सपाट स्तंभालेख तयार.

राहिलं पंधरा-वीस गावांचं किंवा गटांचं काम एकदम करायचं. त्यासाठी 'फॉर' नावाचा शब्द आहे. फॉर म्हणजे 'प्रत्येकासाठी'. त्याच्या ओळीच्या शेवटी अपूर्णविराम द्यायचा आणि खालच्या ज्या ओळी प्रत्येक गटासाठी करायच्या त्या समासापासून चार जागा आत लिहायच्या. त्या चार जागा चुकल्या तर पायथॉन पुढं जात नाही. आणि चालवण्याआधी ती फाइल एक्सेलमध्ये उघडी नाही ना ते बघा. विंडोजमध्ये उघडी असेल तर तिच्यावर लिहिता येत नाही, परवानगी नाही असा तांबडा मजकूर येतो आणि मुली घाबरून पायथॉनच काढून टाकतात. काही बिघडलेलं नसतं. फाइल बंद करायची आणि पुन्हा चालवायचं. जुन्या फाइलवर काम करत असाल तर नवीन नावानं सेव्ह करा, कारण आधीच्या फाइलमध्ये कुणी शिक्के, आकृत्या घातल्या असतील तर त्या ओपनपायएक्सएलमधून जाताना हरवू शकतात.

ज्या लिपिकांना या वीस ओळी कागदावर हव्यात त्यांनी आपल्या प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीत मला भेटा, मी लिहून आणते. येताना आपल्या गटांचे तीन महिन्यांचे जमा आकडे आणि ठरलेली बचत, दोन्ही घेऊन या.